त्रिनिदाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताचा वेस्ट इंडिज दौरा आला की पोर्ट ऑफ स्पेनचं मैदान पडद्यावर दिसतं, प्रेक्षकांत ‘आपल्यासारखे’ चेहरे दिसतात आणि तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अडचणीचे पुढे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. त्रिनिदाद नकाशावर नेमकं कुठे आहे?

कॅरिबियन बेटांची रांग उत्तरेकडून खाली उतरत येते, तिच्या अगदी दक्षिण टोकाला. जिथे अंतर सर्वांत कमी आहे तिथून व्हेनेझुएला जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. मुळात हे बेट दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा. शेजारच्या बेटांवर ज्वालामुखी आहेत, इथे तेल आणि वायू (प्रश्न १६). क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून थोडं मोठं. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून तिथे सकाळी दहाला सुरू होणारी कसोटी आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागते.

२. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही एकाच बेटाची दोन नावं का?

नाही, दोन बेटं मिळून एक देश आहे. ब्रिटिशांनी कारभाराच्या सोयीसाठी १८८९ मध्ये ती एकत्र बांधली. टोबॅगो फक्त ३०० चौरस किलोमीटरचं. युरोपीय सत्तांनी ते एकमेकांकडून तीसहून अधिक वेळा हिसकावलं. तिथली वस्ती प्रामुख्याने आफ्रिकी वंशाची आहे आणि १९८० पासून तिथे स्वतःची विधानसभा आहे. या पानावरचं जवळजवळ सगळं त्रिनिदादबद्दल आहे. टोबॅगोच्या माणसाला ‘तुम्ही त्रिनिदादचे ना?’ असं विचारू नका, तो लगेच दुरुस्त करेल.

३. कोलंबसाच्या आधी तिथे कोण राहत होतं?

माणसं हजारो वर्षांपासून होती. दक्षिणेतल्या बनवारी ट्रेस इथली वस्ती सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची आहे, तिथे मानवी सांगाडाही सापडला. कोलंबस ३१ जुलै १४९८ रोजी तिसऱ्या सफरीत आला आणि ख्रिस्ती त्रैक्यावरून त्याने बेटाला नाव दिलं. मूळ रहिवासी रोगराईने, गुलामगिरीने आणि मिशनांमधल्या सक्तीने झपाट्याने घटले. त्यांचे वंशज अरिमा गावात आजही आपला सांता रोझाचा उत्सव करतात.

४. गावांची नावं स्पॅनिश, भाषा इंग्रजी आणि जुनी गाणी फ्रेंच पात्वामध्ये. हा घोळ कसा झाला?

स्पेनने बेट घेतलं खरं, पण जवळजवळ तीनशे वर्षं ते ओसच ठेवलं. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने फर्मान काढलं: कॅथलिक असाल आणि स्पेनशी निष्ठेची शपथ घ्याल तर फुकट जमीन मिळेल, सोबत गुलाम आणलेत तर आणखी मिळेल. मार्टिनिक, ग्रेनाडा वगैरे बेटांवरचे फ्रेंच मळेवाले गुलामांसकट येऊन बसले. बघता बघता स्पॅनिश वसाहतीत बहुसंख्य लोक फ्रेंच पात्वा (फ्रेंचवर आधारलेली मिश्र बोली) बोलू लागले. फेब्रुवारी १७९७ मध्ये ब्रिटिश आरमार आलं आणि गव्हर्नर चाकॉन याने जवळपास न लढताच बेट सोपवलं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल. जमेका किंवा बार्बाडोसवर उसाचे मळे शतक-दीड शतक जुने झाले होते, तेव्हा त्रिनिदादमध्ये त्यांची नुकती सुरुवात होत होती. म्हणजे जमीन मुबलक आणि मजूर कमी. त्यात १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. त्या दिवशी मळेवाल्यांकडे आणखी सहा वर्षं ‘उमेदवारी’, म्हणजे जुन्याच मालकाकडे बांधून घेतलेलं काम, करावी लागेल असं जाहीर झालं, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जमलेल्या माणसांनी, त्यांत म्हातारेही होते, ‘सहा वर्षं नाही!’ असा घोष करत सरकारी घराला वेढा घातला. घोष अर्थातच फ्रेंचमध्ये होता. खरी सुटका १८३८ ला झाली आणि मोकळी झालेली माणसं मळे सोडून निघाली.

५. भारतीय लोक तिथे कसे पोचले?

कराराने. कोलकात्याहून निघालेलं ‘फतेल रझाक’ जहाज सव्वादोनशे लोकांना घेऊन ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. प्रवास साडेतीन महिन्यांच्या आसपासचा. १९१७ मध्ये ही भरती थांबेपर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं आली. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, थोडी मद्रास बंदरातून.

करार पाच वर्षांचा. ठरलेली मजुरी, मळ्यातच राहायचं आणि परवान्याची चिठ्ठी नसताना बाहेर सापडलात तर तुरुंग. कामावर न येणं हाही गुन्हा होता, निव्वळ पगार कापण्यावर भागत नसे. म्हणून याला ‘स्थलांतर’ म्हणणं फार सौम्य वाटतं, तर सरसकट ‘गुलामगिरी’ म्हटलं की ज्यांना खरोखर विकलं गेलं त्यांच्यावर अन्याय होतो. दहा वर्षांनी परतीच्या प्रवासाचा हक्क होता, पण फक्त चौथ्या हिश्शाच्या आसपास लोक परतले. १८६९ पासून परतीच्या तिकिटाऐवजी जमीन घेता येऊ लागली. कारोनीच्या सपाट प्रदेशात भात, ऊस आणि भाजीपाल्याची गावं वसली ती अशी. ३० मे हा दिवस तिथे ‘भारतीय आगमन दिन’ म्हणून सार्वजनिक सुट्टीचा असतो.

६. त्यांत मराठी माणसं होती का?

मॉरिशसमध्ये आहे तसा मराठी समाज इथे नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातले लोक मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. त्रिनिदादची जहाजं मुख्यतः कोलकात्याहून आणि काही मद्रासहून निघत. त्यामुळे इथल्या भारतीय वारशाचा साचा भोजपुरी-अवधी आहे: रामचरितमानस, फगवा, लग्नातली गाणी. मराठी माणसाचा या बेटाशी खरा संबंध क्रिकेटमुळे जुळला (प्रश्न १२).

७. रामदिन, रामाधीन, प्रसाद, मोहम्मद अशी आडनावं का? आणि जात पाळतात का?

बहुतेक मजुरांना आडनाव नव्हतंच. नोंदवहीत एकच नाव लिहिलं जाई आणि पुढच्या पिढीत बापाचं नाव आडनाव बनून बसे. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग. १९५० मध्ये वेस्ट इंडिजकडून खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू सनी रामाधीन. त्याच्या जन्मनोंदीत नावाच्या जागी नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं होतं. इंग्लंड दौऱ्यासाठी आद्याक्षरं हवीत म्हणून ‘के. टी.’ चिकटवण्यात आलं. त्या अक्षरांचा काहीच अर्थ नव्हता. त्याच दौऱ्यात त्याने लॉर्ड्सवर ११ बळी घेऊन इंग्लंडला हरवलं.

जातीचं म्हणाल तर जहाजावरच तिची वाट लागली. एकाच भांड्यातलं जेवण, एकाच फलाटावर झोप, बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी. रोटीबंदी-बेटीबंदी टिकणं अशक्य होतं. तिच्या जागी ‘जहाजी भाई’ हे नातं आलं. ब्राह्मण पुरोहिताचं स्थान आणि ‘महाराज’ हे आडनाव उरलं, बाकी रोजच्या व्यवहारात जात नाही. कातडीच्या रंगाची उतरंड मात्र आहे, ती मळ्यांची देणगी.

८. ते हिंदी बोलतात का? आणि त्रिनिदादला ‘मिनी इंडिया’ म्हणावं का?

घरची भाषा इंग्रजी, तीही त्रिनिदादच्या खास ढंगाची. भोजपुरी म्हाताऱ्यांपुरती उरली. हिंदी भजनात आणि चित्रपटगीतांत आहे, पण गाणाऱ्याला अर्थ कळतोच असं नाही.

‘मिनी इंडिया’ मात्र म्हणू नये, असं माझं ठाम मत. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे जवळपास २३ टक्के होते. शिवाय तिथलं भारतीयपण इथून नेऊन जपून ठेवलेलं नाही, ते तिथे शेजाऱ्यांच्या संगतीत आणि सरकारच्या बंद्यांशी झगडत घडलं. पुढची उत्तरं वाचलीत तर पटेल.

९. होसे म्हणजे आपला मोहरमच ना?

मूळ तेच. ‘हुसेन’च्या आरोळीवरून नाव पडलं. बांबू आणि रंगीत कागदाचे ताजिये (तिथे ‘ताजा’), ताशे-ढोल, शेवटी विसर्जन. पण एकोणिसाव्या शतकात ही मळ्यांवरच्या सगळ्या मजुरांची मिरवणूक झाली. हिंदू ताजिये उचलत, आफ्रिकी वंशाचे लोक ढोल वाजवत. एवढे मजूर एकत्र आले की सरकारला घाम फुटे. १८८४ मध्ये मिरवणुकांनी शहरात शिरायचं नाही असा हुकूम निघाला. लोक तरीही निघाले आणि ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या वेशीवर पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. बरेच जण ठार झाले. आजही पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि नैर्ऋत्येच्या सेड्रोस गावात होसे निघतो.

१०. कार्निव्हलचा धिंगाणा सुरू कुणी केला? आणि स्टीलपॅन खरंच तेलाच्या पिंपाचं?

या दोन्हींची एकच गोष्ट आहे, म्हणून एकत्र घेतो.

फ्रेंच मळेवाले (प्रश्न ४) लेंटच्या (ईस्टरआधीच्या) उपवासाआधी मुखवट्यांचे नाच करत, गुलामांनी फक्त बघायचं. १८३८ नंतर मोकळ्या झालेल्या लोकांनी रस्ता ताब्यात घेतला. ‘कांबूले’ ही त्यांची मशालींची मिरवणूक. उसाच्या फडाला आग लागली की गुलामांना हाकून आणत, त्या आठवणीची ती नक्कल होती. सोबत काठ्यांच्या लढती आणि आफ्रिकी ढोल. १८८१ मध्ये पोलिसप्रमुख कॅप्टन बेकर मशाली विझवायला गेला, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनच्या लोकांनी त्याच्या शिपायांशी रस्त्यावर मारामारी केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत सरकारने ढोलांवर बंदी घातली. होसेवरचा गोळीबारही त्याच काळातला, हा योगायोग नव्हे.

ढोल गेले, तर लोकांनी बांबू कापले. वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरायचा, त्याला ‘तांबू बांबू’ म्हणत. त्यावरही पोलिसांची वक्रदृष्टी पडली. १९३० च्या दशकात पोरांच्या हाती बिस्किटांचे डबे, गाड्यांचे ब्रेक ड्रम, कचऱ्याची झाकणं आली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ठोकून पोचा आलेल्या डब्यातून वेगळा सूर निघतो. कुणाच्या? यावर आजही भांडणं होतात. विन्स्टन ‘स्प्री’ सायमन आणि एली मॅनेट ही नावं सर्वांत आधी घेतली जातात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नाविक तळ आला, तेलाचा धंदा होताच, त्यामुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून वाटीसारखा खोल करायचा, सुरांच्या जागा आखून उठवायच्या, पिंप आगीवर तापवायचं आणि मग तासन्‌तास बारीक ठोके देत सूर लावायचा.

सभ्य घरांत ‘पॅन’ वाजवणं म्हणजे मवालीपणा समजत. पथकांत खऱ्या मारामाऱ्याही होत. १९५१ मध्ये निवडक वादकांचं पथक लंडनच्या महोत्सवात गेलं आणि तिथल्या टाळ्या ऐकून घरचं मत बदललं. (परदेशी शाबासकीनंतर घरच्यांना गुण दिसतात, हा रोग फक्त आपलाच नाही.) १९६३ पासून ‘पनोरमा’ ही पथकांची स्पर्धा होते, १९९२ मध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य झालं. २०२५ च्या सुरुवातीला देशाच्या राजचिन्हावरची कोलंबसाची तीन जहाजं काढून तिथे स्टीलपॅन ठेवण्याचा कायदा संसदेने मंजूर केला.

लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलची मुळंही इकडेच येतात. १९५९ मध्ये लंडनला पहिला बंदिस्त कॅरिबियन कार्निव्हल भरवणारी क्लॉडिया जोन्स ही पोर्ट ऑफ स्पेनची.

११. कॅलिप्सो, सोका आणि चटणी यांत फरक काय?

कॅलिप्सो म्हणजे गाणारं वर्तमानपत्र. शब्द महत्त्वाचे, सरकारपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची खेचायची. गायक लढाऊ टोपणनावं घेतात: माइटी स्पॅरो, लॉर्ड किचनर, चॉकडस्ट. किचनर १९४८ मध्ये ‘विंडरश’ जहाजाने लंडनला उतरला आणि उतरताच कॅमेऱ्यासमोर गायला.

सोका १९७० च्या दशकातली, नाचासाठी. ती घडवणारा लॉर्ड शॉर्टी दक्षिणेत भारतीय वस्तीच्या सान्निध्यात वाढला. त्याने कॅलिप्सोच्या तालात ढोलक आणि धनताल मिसळले. धनताल म्हणजे लोखंडी कांब आणि ती वाजवायला घोड्याच्या नालेसारखा तुकडा.

चटणी ही लग्नाआधीच्या रात्री बायका गात त्या चावट भोजपुरी गाण्यांची मुलगी. सुंदर पोपो यांनी १९७० च्या सुमारास तीत इंग्रजी आणि गिटार आणून तिला रेकॉर्डवर आणलं. पुढे चटणी-सोका आली. द्रौपती रामगुनई हिने १९८० च्या दशकात ती गायला सुरुवात केली तेव्हा भारतीय समाजातल्या सनातन्यांनी मोठा गहजब केला.

१२. गावसकरांवर तिथे गाणं रचलं होतं, हे खरं का?

खरं. १९७१ ची मालिका. कर्णधार अजित वाडेकर. पहिल्या कसोटीला बोटाच्या दुखण्यामुळे न खेळलेले गावसकर ६ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर पदार्पणाला उतरले आणि ६५ व नाबाद ६७ धावा काढल्या. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचं त्याच सामन्यात शतक, आणि दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी सोबर्स व लॉईड यांना झटपट परत पाठवलं. भारताने वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवलं. त्याच मैदानावर पाचव्या कसोटीत दाढदुखीने बेजार असताना गावसकरांनी १२४ आणि २२० केल्या. चार कसोटींत ७७४ धावा. सरदेसाईंच्या ६४२ धावा त्या झळाळीत झाकल्या गेल्या, पण मालिकेचा पाया त्यांनी घातला होता.

लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने यावर गाणं केलं. ते नुसतं कौतुक नाही. कॅलिप्सोच्या रीतीप्रमाणे (प्रश्न ११) त्यात स्वतःच्या हरलेल्या संघाची यथेच्छ टिंगल आहे. गावसकरांना ‘भिंत’ तिथेच म्हटलं गेलं, द्रविडच्या कितीतरी आधी.

पुन्हा १९७६ मध्ये याच मैदानावर भारताने ४०३ चं लक्ष्य ४ बाद ४०६ करून गाठलं. गावसकर १०२, विश्वनाथ ११२. स्वतःच्या फिरकी गोलंदाजांचं हे अपयश पाहून वेस्ट इंडिजचा कर्णधार क्लाइव्ह लॉईड वेगवान चौकडीकडे वळला. पुढची पंधराएक वर्षं जगभरच्या फलंदाजांनी त्याची किंमत मोजली.

१३. समुद्रात बांधलेलं देऊळ कुठे आहे?

वॉटरलू गावी. शिवदास साधू हे उसाच्या मळ्यातले मजूर. त्यांनी १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतलं, पण जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडलं आणि साधूंना तुरुंगात टाकलं. जमीन मालकीची, पण समुद्र तर कुणाचा नाही ना, असा विचार करून त्यांनी सायकलवरून दगड-माती वाहत पाण्यात भर घातली आणि पंचवीस वर्षं खपून देऊळ उभं केलं. आजची इमारत १९९५ ची. जवळच कारापिचाइमा इथे ८५ फुटी हनुमान आणि दत्तात्रेयाचं मंदिर आहे. दत्तभक्त याबद्दल हमखास विचारतात: ते म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं आहे.

हिंदू पद्धतीच्या लग्नांना कायद्याची मान्यता १९४० च्या दशकात मिळाली. त्याआधीची मुलं कागदोपत्री अनौरस ठरत, वारसाहक्काची भांडणं होत.

१४. ‘डबल्स’ म्हणजे काय?

हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ तळलेले ‘बारा’, मध्ये छोले, वर चिंच, काकडी आणि मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून सकाळी रस्त्यावर उभ्याने खायचं. भारतात ते मिळत नाही, तिथेच १९३० च्या दशकात दक्षिणेतल्या प्रिन्सेस टाउनला जन्मलं. दालपुरी म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची, तिखट-मिठाची पुरणपोळी समजा. मिरचीचं विचारतील तेव्हा ‘अगदी थोडी’ म्हणा.

१५. नायपॉल तिथे नावडते का? आणि एवढ्याशा बेटातून इतकी मोठी माणसं कशी?

व्ही. एस. नायपॉल १९३२ मध्ये चगुआनासला जन्मले, १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले, आणि नंतर बेटाबद्दल इतकं कडू लिहीत-बोलत राहिले की लोक दुखावले. २००१ चं नोबेल मिळाल्यावर त्यांनी आभार मानताना इंग्लंड आणि भारताचं नाव घेतलं, त्रिनिदादचं नाही. ते तिथे अजून विसरलेले नाहीत. तरी वडील सीपरसाद यांच्यावर बेतलेली त्यांची कादंबरी वाचली तर या बेटाचा इतका मायेचा तपशील दुसऱ्या कुणी दिलेला दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं एका शाळेत आहे: पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स रॉयल कॉलेज. दरवर्षी मोजक्या मुलांना इंग्लंडच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळे, आणि तीच गरिबीतून सुटायची एकमेव वाट असल्याने मुलं जीव तोडून अभ्यास करत. नायपॉल तिथलेच. विचारवंत सी. एल. आर. जेम्स तिथे शिकले आणि शिकवायलाही लागले. त्यांच्या हाताखालचा एक विद्यार्थी एरिक विल्यम्स. त्याने १९४४ मध्ये, ब्रिटनने गुलामगिरी सोडली त्यामागे दयेपेक्षा आर्थिक हिशेब जास्त होता, असं मांडून इतिहासकारांत खळबळ उडवली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा तोच पंतप्रधान होता, १९८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत.

१६. बाकी बेटं पर्यटनावर जगतात, मग त्रिनिदाद कशावर?

तेल आणि वायूवर. ला ब्रेआ इथे सुमारे ४० हेक्टरचं डांबराचं नैसर्गिक तळं आहे. वॉल्टर रॅलेने १५९५ मध्ये त्यातलं डांबर आपल्या जहाजांच्या फटींना लावलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलाचा धंदा वाढला आणि १९३७ मध्ये त्रिनिदादमधल्याच फैझाबादला तेलकामगारांचा उठाव झाला. बटलर हा त्यांचा नेता. कोर्टात आणि संघटनेत त्यांची बाजू एड्रियन कोला रिएन्झी या भारतीय वंशाच्या वकिलाने लढवली (मूळ नाव कृष्ण देवनारायण). आफ्रिकी तेलकामगार आणि भारतीय ऊसकामगार तेव्हा काही काळ खरोखर एकत्र आले होते.

१७. राजकारण वंशावरच चालतं का?

बरंचसं. एक मोठा पक्ष आफ्रिकी वंशाच्या, दुसरा भारतीय वंशाच्या मतांवर उभा आहे. तरी मिश्र मतदारसंघ निकाल फिरवतात. वासुदेव पांडे १९९५ मध्ये पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले. कमला प्रसाद-बिसेसर २०१० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये. त्यांचे पूर्वज बिहारच्या बक्सर जिल्ह्यातले. १९९० मध्ये एका सशस्त्र गटाने संसदेतच पंतप्रधान रॉबिन्सन यांना ओलीस धरलं होतं, पण त्या बंडाचा भारतीय-आफ्रिकी वादाशी थेट संबंध नव्हता.

१८. सोबर्स, रिचर्ड्स, चंद्रपॉल, लारा: हे सगळे त्रिनिदादचे का? मग ऑलिंपिकमध्ये वेस्ट इंडिज का नाही?

यातला फक्त ब्रायन लारा. सोबर्स बार्बाडोसचे, रिचर्ड्स अँटिग्वाचे, चंद्रपॉल आणि कन्हाय गयानाचे. लाराच्या ३७५ आणि ४०० या खेळीही अँटिग्वातल्या आहेत. पोलार्ड, नरेन, ड्वेन ब्राव्हो त्रिनिदादचे. लिअरी कॉन्स्टंटाइनही. १९४३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलने रंगावरून खोली नाकारली, तर त्यांनी दावा लावून जिंकला. पुढे ते ब्रिटनच्या उमरावसभेतले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. निकी मिनाजचा जन्म पोर्ट ऑफ स्पेनचा. रिहाना बार्बाडोसची. अपवाद उलटेही आहेत: माइटी स्पॅरो आणि कामगारनेता बटलर दोघेही ग्रेनाडात जन्मलेले, पण त्रिनिदादने त्यांना केव्हाच आपलं मानलं.

‘वेस्ट इंडिज’ हा देश नाही, अनेक देशांचा क्रिकेटसंघ आहे. १९५८ मध्ये खरोखर एक संघराज्य झालं होतं, राजधानी त्रिनिदादलाच होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने दोन कांस्यपदकंही जिंकली. १९६१ मध्ये जमेकाने सार्वमत घेऊन अंग काढलं. ‘दहातून एक गेला की शून्य उरतं,’ असं म्हणून विल्यम्सने त्रिनिदादलाही बाहेर काढलं. म्हणून धावपटू आपापल्या झेंड्याखाली पळतात: १९७६ मध्ये हॅस्ली क्रॉफर्डने १०० मीटरचं सुवर्ण त्रिनिदाद-टोबॅगोसाठी जिंकलं.

१९. कार्निव्हलला जायचं तर तारीख कशी काढायची? तेव्हा सुट्टी असते का?

ॲश वेन्सडेच्या (ज्या बुधवारी लेंट सुरू होतो त्याच्या) आदला सोमवार आणि मंगळवार. तारीख ईस्टरप्रमाणे सरकते: २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारी. गंमत म्हणजे कायद्याने या दोन दिवशी सार्वजनिक सुट्टी नाही, दिवाळीला मात्र आहे. तरी सोमवारी पहाटे ‘जूव्हे’ सुरू झाली, लोक चिखल आणि रंग फासून रस्त्यावर उतरले, की बँकेपासून शाळेपर्यंत सगळं बंद. कागदपत्रांची कामं असतील तर आधीच्या आठवड्यात उरका.